मदत हवी आहे: जॉन पीलचा आवाज, ‘द मिसअंडरस्टूड’बद्दल

कम्युनिटी रेडिओसाठी दहा मिनिटांचा मराठी भाग करतोय. विषय कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचा ‘द मिसअंडरस्टूड’ हा गॅरेज-रॉक बँड. १९६६ मध्ये तिकडे रेडिओवर असलेल्या जॉन पील या ब्रिटिश निवेदकाने त्यांना ऐकलं आणि लंडन गाठायला लावलं.

त्यांच्या गाण्यांची १९८२ ची संकलित रेकॉर्ड हाताशी आहे. पहिल्या बाजूवर ग्लेन कॅम्पबेलची स्टील गिटार सायरनसारखी चढत जाते. गाण्यांची अडचण नाही. पीलच्या आठवणीही छापील मिळाल्या. यूट्यूब धुंडाळलं, तर नुसती गाणीच. मला पीलच्याच तोंडून बँडबद्दल हवंय, अर्धा मिनिट पुरे. बजेट शून्य, त्यामुळे परवानगी फुकट मिळायला हवी.

अशी ध्वनिफीत कुठल्या संग्रहात आहे आणि प्रसारणाची परवानगी नेमकी कुणाकडे मागायची?