क्रॅकलबॉक्समध्ये ७०९च का? ७४१ चालणार नाही का?

सर्किटवेडा: आम्स्टरडॅमच्या स्टाइम या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत १९७०च्या दशकात तयार झालेला क्रॅकलबॉक्स, म्हणजे डच लोकांचा क्राकडोस, बांधायचा आहे. धातूच्या पट्ट्यांवर बोटं ठेवून वाजवायचं हे छोटं वाद्य. सगळे ७०९ ऑपॅम्पच (सिग्नल अनेकपट वाढवणारी चिप) घ्या म्हणतात. ७४१ सहज मिळतो, पण तो बसवला की पट्ट्यांवर बोटं ठेवूनही नीट सूर निघत नाही. कारण काय? आणि स्टाइमच्या मंडळींना असल्या वाद्यात एवढा रस का होता?

ओहम: ७४१च्या पोटातच ३० पिकोफॅरडचा कॉम्पेन्सेशन कपॅसिटर आहे. ऑपॅम्पने आपोआप दोलन करू नये, म्हणजे स्वतःहून कंप पावू नये, म्हणून तो घातलेला, आणि इथे तर दोलनच हवंय! शिवाय त्याचे पाय (चिपच्या पिना) १ आणि ५ ऑफसेटचे, म्हणजे आउटपुट शून्यावर आणायचे, ८ रिकामा. ७०९मध्ये १ आणि ८ इनपुट कॉम्पेन्सेशनचे, ५ आउटपुट कॉम्पेन्सेशनचा. कपॅसिटर बाहेरून लावायचे असतात. ते न लावता पट्ट्या जोडल्या की त्यांची जागा बोटं घेतात. जोरात दाबलं की स्पर्शाचं क्षेत्र वाढतं, रोध उतरतो, सूर सरकतो. ओलसर हाताचा आवाज कोरड्या हातापेक्षा साफ वेगळा.

मूळ खोक्याची हुबेहूब नक्कल नको असेल तर ही सोपी मांडणी: पाय ७ला ९ व्होल्टचं धन, ४ला ऋण, उरलेले सहा पाय सहा पट्ट्यांना. पाय ३ लटकता ठेवू नका. त्यापासून धन आणि ऋण दोन्हीकडे १-१ मेगाओहम, आणि ६ ते २ आणखी एक. स्पीकर थेट ६ला, म्हणजे आउटपुटला, जोडू नका, ७०९ला शॉर्ट-सर्किटचं संरक्षण नाही. पुढे एलएम३८६ ही स्पीकर चालवणारी अॅम्प्लिफायर चिप घ्या, पण त्याच्या इनपुटला ०.४ व्होल्टच्या वर चालत नाही. म्हणून आधी १०० नॅनोफॅरड, मग १०० किलोओहम, मग १० किलोओहमचा पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटण). स्पीकरच्या वाटेवर २२० मायक्रोफॅरड. बॅटरीला समांतर १०० मायक्रोफॅरड लावाच, नाहीतर मोठ्या आवाजाला व्होल्टेज खचतं आणि फटफट सुरू होते. आउटपुट एका टोकाला चिकटून बसलं तर चिप लॅच झालीय, म्हणजे त्या स्थितीत अडकलीय. बॅटरी काढून परत लावा.

नादलहरी: यात एक भर, आणि ही टाळू नका. अॅडॉप्टर अजिबात वापरू नका. वाजवणारा माणूसच सर्किटचा भाग आहे, त्यामुळे मेन्सची (घरच्या विजेची) गळती थेट त्याच्या अंगातून जाते. मिक्सरला जोडायचं तर मध्ये १:१चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर हवा, नाहीतर बॅटरी लावूनही उपयोग नाही.

टेपरीळ: दुसऱ्या प्रश्नाबद्दल. डच इलेक्ट्रॉनिक संगीताची सुरुवात आइंडहोवनला, फिलिप्सच्या नॅटलॅब या संशोधन प्रयोगशाळेत. संगीतकार डिक राइमाकर्स आणि टॉम डिसेव्हेल्ट तिथे टेप कापून, जोडून काम करत. १९६०मध्ये तो स्टुडिओ उट्रेक्ट विद्यापीठात गेला. संगीतकार गॉटफ्रीड मिखाएल क्योनिग यांच्या काळात तिथे नियमांनी रचना करण्यावर भर आला, आणि १९७१मध्ये पीडीपी-१५ संगणकही. सगळं आधी ठरवायचं, वाजवायचं नंतर.

१९६९मध्ये स्टाइम सुरू करणाऱ्यांत राइमाकर्स होतेच, सोबत मिशा मेंगेलबर्ग, लुई आंद्रिसेन, पेटर स्खाट वगैरे संगीतकार. तिथे प्रश्न उलटा होता: विजेचा आवाज रंगमंचावर, त्याच क्षणी, हाताने कसा घडवायचा? मिशेल वाइसविझ यांनी पट्ट्यांवर बोटं ठेवून तो सोडवला. क्रॅकलबॉक्सला आधुनिक सिंथचा गरीब भाऊ समजणं मला अजिबात पटत नाही. १९८४चं त्यांचं 'द हँड्स' हे वाद्य ऐका आणि पाहा: सेन्सर हातांवर बांधलेले, पण विचार तोच.

सर्किटवेडा: आभार. ७४१ बाजूला ठेवतो. एलएम३०१ चालेल का?

ओहम: त्याचेही १ आणि ८ कॉम्पेन्सेशनचे, म्हणून ७४१पेक्षा बरा. पण ५ ऑफसेटचा आहे, ७०९सारखा आउटपुटचा नाही. एक पट्टी जवळजवळ मुकी राहील.