अनुभव धागा: बॉटनी केलेल्यांनो, पुढं काय झालं तुमचं?

तरवड
दिवाळीच्या साफसफाईला माहेरी आलेय. आईनं माळ्यावरून सुतळीनं बांधलेलं एक बंडल खाली टाकलं आणि विचारलं, "हे तुझं गवत. ठेवायचं का बंबात घालायचं?"

टीवायचा, म्हणजे बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता तो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरची गवतं. चार खिळे आणि सुतळी, एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखायचा आणि आत काय काय उगवलंय ते पालथं पडून मोजायचं. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी. १९७९ पासूनचं माळढोकाचं अभयारण्य. आम्ही सव्वीस वेळा गेलो, माळढोक एकदाही दिसला नाही. घरी आल्यावर मोज्यातली कुसळं काढायला तासभर. पावसाळ्यात गवत दाबायचं म्हणजे रोज पेपर बदलायचे, ओले पेपर इस्त्रीनं वाळवायचे. आई म्हणायची, शाळेचे कपडे कधी एवढे इस्त्री केले नाहीस.

पुढं एमएस्सी केली. प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा दोनदा दिली, दुसऱ्यांदा निघाली. मग एका कॉलेजात तासिका तत्त्वावर चार वर्षं. मार्चमधल्या तासांचे पैसे पुढच्या दिवाळीला मिळायचे. मुलाखतींना जायचे तेव्हा "जागा भरलेली आहे, पण मुलाखत घ्यावी लागते" हे शिपायानंच आधी सांगितलेलं असायचं. आता यांच्या टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब बघते.

काल भाचा विचारत होता, "मावशी, बीएस्सीला बॉटनी घेऊ का?" काही सुचेना. बंडलातल्या कुसळीचं एक कुसळ तोडून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला. दोन मिनिटांत त्याचा पीळ सुटायला लागला, कुसळ स्वतःभोवती फिरायला लागलं. "जिवंत आहे?" म्हणाला. मेलेलंच आहे रे, पाणी प्यायलं की असं फिरतं, जमिनीत बी असंच रुजवतं. तो बघत बसला. मी पण.

तुमचं सांगा. त्याला मी काय सांगू?

भाकरी_कडक
फोटू टाक की ताई

तेल्याग्रस्त
मी डाळिंबातला. २०१२ ते १५ एका संशोधन प्रकल्पावर सहायक होतो. तेल्या रोगाचं काम. बागेतून डाग पडलेली पानं आणायची, डागाच्या कडेचा तुकडा ब्लेडनं कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा. सूक्ष्मदर्शकात कापलेल्या कडेतून दुधाच्या धारेसारखे जिवाणू बाहेर येताना दिसतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा चहा गार झाला माझा. त्याच दिवशी त्या बागेचा मालक बाहेर उभा होता, "साहेब, बुरशी हाय का?" बुरशी नाही काका, जिवाणू आहे, बुरशीचं औषध मारून उपयोग नाही. त्यानं तोवर चाळीस हजाराची फवारणी केलेली.

प्रकल्प संपला, मी पण संपलो. सही झाली, "अनुभव प्रमाणपत्र घेऊन जा". आता औषधाचं दुकान आहे. शेतकरी फळ घेऊन येतात, इंग्रजी एल अक्षरासारखी चीर दिसली की सांगतो ह्याला माझ्याकडं औषध नाही, फांदी छाटून जाळा. बायको म्हणते असा कसा दुकानदार तुम्ही.

सात_रस्ता
@तेल्याग्रस्त दुकान कुठं आहे ओ? आमच्या गच्चीवरच्या लिंबाची पानं पिवळी पडतायत.

तेल्याग्रस्त
@सात_रस्ता पाणी कमी घाला. बहुतेक कुंडीचं भोक बुजलंय. हे फुकट.

बाटलीबाई
टिशू कल्चर!!! म्हणजे बाटलीत रोपं वाढवायची. कुणी बोलेना म्हणून मी बोलते. केळीची लॅब होती, पगार ९ हजार, सकाळी आठला लॅमिनारसमोर (जंतू नसलेल्या हवेची पेटी) बसायचं, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क (आम्ही २०२० च्या आधीच घातलेला बरं का). रोपं ज्यात वाढतात त्या माध्यमाचा पीएच ५.८, ऑटोक्लेव्ह (जंतू मारायचा वाफेचा कुकर) १२१ डिग्री, झोपेत पण पाठ. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की वाढखोलीचा एसी बंद, जनरेटरवाला जेवायला गेलेला, आणि दोन दिवसांनी बाटल्यांत पांढरी बुरशी. मी रडलेय त्या बाटल्यांसमोर. धुणाऱ्या मावशी म्हणायच्या, "रडू नकु गं, मला धुवायला चार जास्त." दीड वर्षात सोडलं. पण हात अजून तसाच आहे, कणीक मळायच्या आधी कोपरापर्यंत धुते. सासूबाईंना वाटतं मी सोवळं पाळते 😄

भाकरी_कडक
😂😂 सोवळं

अक्का_जुळेसोलापूर
आमच्याकडं बॉटनी म्हणजे मेथी निवडणे. एमएस्सी फर्स्ट क्लास आहे मी.
कुकर लावलाय, नंतर लिहिते सविस्तर.

पंचवीस_किमी
भाच्याला सांगा वनसेवेची परीक्षा बघ म्हणावं. बॉटनीवाल्यांना चालते. मी लेखी काढली, मुलाखत काढली, चालण्याच्या चाचणीची धास्ती होती. पुरुषांना ४ तासांत २५ किलोमीटर. होटगी रस्त्यानं पहाटे चारला निघायचो, कुत्री ओळखायला लागली होती. चाललो वेळेत. यादीत दोन मार्कांनी राहिलो. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, पोरांना झाडं ओळखायला लावतो. चालायची सवय मात्र राहिली.

वीजापूरवेस
नेट परीक्षा द्यायला सांगा. फेलोशिप २०२३ पासून ३७ हजार आहे महिन्याला. पण एक सांगतो, पेपर लाइफ सायन्सेसचा असतो, त्यात झाड ओळखणाऱ्याचा काही उपयोग नाही, रेणू, जनुकं, प्रथिनं. माझं सगळं आयुष्य फुलांच्या पाकळ्या मोजण्यात गेलेलं. तीनदा दिली, निघाली नाही.

मोजणीवाली
वृक्षगणना केलीय का कुणी? ठेकेदाराकडं रोजावर होते. झाडाचं नाव लिहायचं, छातीच्या उंचीला टेप लावून घेर घ्यायचा, अंदाजे उंची, तब्येत कशी. एका बंगल्यातले आजोबा काठी घेऊन धावले, त्यांना वाटलं झाडावर कर बसणार. शेवटी त्यांच्या आंब्याचा घेर मी १८० सेंटिमीटर सांगितला तर खूश झाले, "एवढा? परत मोज." तीनदा मोजला. चहा दिला. जाताना म्हणाले नारळ पण लिही, तो माझ्या बायकोनं लावलाय.
कॉलेजात चार वर्षांत जेवढी झाडं शिकले नाही तेवढी त्या तीन महिन्यांत. पगार दोन महिन्यांचाच मिळाला.

भाकरी_कडक
तिसऱ्याचं काय झालं

मोजणीवाली
ठेकेदाराचा फोन अजून बंदच आहे

सात_रस्ता
पाणी कमी केलं. भोक खरंच बुजलेलं. गांडूळ निघालं एक.

शेंगाचटणी
कुणी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जातंय का शनिवारी? पोरासाठी दोन किलो चटणी पाठवायची आहे. धागा बॉटनीचा आहे माहितीय, पण शेंगा पण बॉटनीच की.

पंचवीस_किमी
@शेंगाचटणी मी जातोय. मधे डबा उघडला गेला तर जबाबदारी माझी नाही.

कोरडा_नमुना
मी एका हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) कंत्राटी आहे, पुण्याला. ताई, ते बंडल बंबात घालू नका. शिक्का आणि लेबल असेल तर नमुना, नसेल तर कडबा. जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचा नंबर लिहिलेला आहे का? नान्नजचं गवत, तेही इतक्या वर्षांपूर्वीचं, कुठल्या तुकड्यात काय होतं हे कळायला कामाला येतं.

तरवड
@कोरडा_नमुना जागा आहे, नंबर आहे. माझ्या अक्षरात तारीख नाही, विसरले असणार. पण ज्या पेपरात दाबलंय त्यावर १२ सप्टेंबर २००९ आहे. चालेल का?

कोरडा_नमुना
शंभर टक्के पुरावा नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरंच. तसंच लिहा, "पेपरवरून तारीख". किती नमुने आहेत?

तरवड
हातात आहे तो १७ नंबर. बंडल सोडून बघितलं, आत १७ ते ३१ आहेत. १ ते १६ दुसऱ्या बंडलात होते.
आईला विचारलं. ती म्हणते वरचं पुठ्ठा नसलेलं बंडल काल रद्दीत दिलं, "नुसते जुने पेपर होते गं".

अक्का_जुळेसोलापूर
अगं बाई. कुकर बंद केला. रद्दीवाला कुठला?

तरवड
हातगाडीवाला. आई म्हणते विजापूर वेशीकडचा, निळा शर्ट.

वीजापूरवेस
ओळखतो मी. तो माल एकदम शनिवारी टाकतो, अजून गाळ्यात असणार. निघालोय. काय शोधायचं, नुसतं गवत का?

तरवड
सुतळी. हिरवी सुतळी बांधलेली आहे. मी पण येतेय, रिक्षात बसले.