देवीची लस आणि मंकीपॉक्स

बीसीजी या क्षयाच्या लशीने करोना टळतो का, असं काहीजण विचारतात. आरोग्यसेवकांवरच्या मोठ्या चाचणीत तरी तसा फायदा दिसला नाही. देवीच्या लशीची गोष्ट वेगळी. तिच्यात मुळात देवीचा विषाणू नसतोच. असतो त्याचा चुलतभाऊ, व्हॅक्सिनिया. मंकीपॉक्सही त्याच घराण्यातला! १९८०च्या दशकात झाईरमध्ये (आताचं काँगो) केलेल्या पाहणीत देवीची लस घेतलेल्यांना मंकीपॉक्सपासून सुमारे ८५ टक्के संरक्षण दिसलं होतं. माझ्या आईच्या हातावर कोपराखाली त्या लशीचे दोन वाटोळे वण अजून आहेत. माझ्या दंडावरचा वण बीसीजीचा, लोक गल्लत करतात. मात्र वण राहिला तरी संरक्षण वर्षांगणिक ओसरतं, त्यामुळे आईलाही मी बेफिकीर राहू देणार नाही.