शॉर्ट शिफ्टर: आधी बुश बघा
फियाट पुंटोच्या गिअरचा दांडा ढिला लागतो म्हणून ४० टक्केवाला शॉर्ट शिफ्टर (म्हणजे दांड्याचा प्रवास तेवढा कमी करणारा सुटा भाग) घेऊ का, असं विचारलंत. जरा थांबा. ढिलेपणा बहुतेक वेळा केबलच्या टोकाच्या झिजलेल्या रबरी बुशचा, म्हणजे सांध्यातल्या छोट्या कड्याचा, असतो. ते कडक पॉलियुरेथेनचे किंवा धातूचे टाकून बघा, खर्चही कमी.

शॉर्ट शिफ्टर म्हणजे तरफेचा खेळ. दांड्याचा प्रवास ४० टक्के घटला की हाताला जोर दीडपटीहून जास्त लागतो. संध्याकाळी सायनहून घाटकोपरपर्यंत पहिला-दुसरा करत बघा, मग कळेल! शिवाय घाईत गिअर ढकलला की सिंक्रोवर, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांवर, ताण. घ्यायचाच तर २०-२५ टक्केवाला घ्या. जड नॉब मात्र मला आवडतो, गिअर अलगद पडतो. उन्हात उभ्या गाडीत धातूचा नॉब चटका देतो, तेवढं सोसा.