मदत हवी आहे : म्हाताऱ्या लॅब्रॅडॉर कुत्र्याचे मागचे पाय

नमस्कार मंडळी, आमचा लॅब्रॅडॉर आता ११ वर्षांचा झालाय, सकाळी उठताना मागचे पाय थरथरतात, शहाबादी फरशीवर तर घसरतोच, थोडं चालला की मग जरा मोकळा होतो. डॉक्टर संधिवात म्हणाले, एक्स-रे काढा म्हणाले. शेजारचे काका म्हणतात आपली माणसांची दुखण्यावरची आयबुप्रोफेनची गोळी अर्धी द्या, पण ती कुत्र्यांना विषारी असते, पोटात अल्सर होतो, किडनी जाते, तसलं काही सुचवू नका प्लीज. वजन पण वाढलंय (आजी गुपचूप तूप-भाकरी घालते, काय बोलणार). जुळे सोलापूर, विजापूर रोडकडं कुत्र्यांचा एक्स-रे कुठं काढतात? ग्लुकोसामाइननं (सांध्यांसाठी देतात ते सप्लिमेंट) कुणाच्या कुत्र्याला खरंच फरक पडलाय का? आणि चादर अंथरली तर तीपण सरकते, रबरी मॅट कुठं मिळेल?