मदत हवी आहे: सुपारी किलरच्या कमी बजेटच्या सिनेमासाठी खोटं पिस्तूल आणि फेरीबोट

मंडळी, आम्ही गोव्यातल्या फोंड्याची नाटकवाली पोरं मिळून एक थ्रिलर करतोय. सुपारी घेतलेला माणूस रायबंदरला फेरीबोटीत चढतो आणि ज्याला मारायचं तोच शेजारच्या स्कूटरवर बसलेला दिसतो. नदीपलीकडच्या चोडणला पोचेपर्यंत दोघांनाही उतरता येत नाही. सिनेमाचा जीव या एका सीनमध्ये आहे, बाकी पाठलाग-मारामारी कशीही निभावून नेऊ.

अडचण पिस्तुलाची. ब्लँक काडतुसं (गोळी नसलेली, नुसत्या दारूची) मुळीच नकोत. ती जवळून जीवघेणी ठरतात, आणि २०२१ साली न्यू मेक्सिकोत तर शूटिंगच्या बंदुकीत खरी गोळी निघून छायाचित्रकार बाई गेल्या. तेव्हा न उडणारं रबरी पिस्तूल, नळीतला जाळ नंतर कॉम्प्युटरवर, असं ठरलंय. पण आणलेलं रबरी पिस्तूल क्लोजअपमध्ये चक्क जत्रेतलं खेळणं दिसतं! कडेची शिवणसुद्धा दिसते. ती घासून वर कुठला रंग मारावा? की धातूचं डमी पणजी-म्हापशात भाड्याने मिळेल?

दुसरं, एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे परवानगीचा अर्ज करणार आहोत. फेरी नदी परिवहन खात्याची, मग त्यांचं पत्र वेगळं लागतं का? पोलिसांना आधी कळवायचंच आहे, उगाच कुणी प्रवासी घाबरून फोन करायचा.

इंजिनाच्या घरघरीत संवाद रेकॉर्ड करायचा नाद मी सोडलाय, डबिंगच करू. ज्यांनी फेरीवर शूट केलंय त्यांनी एवढंच सांगा, गर्दी कोणत्या वेळी कमी असते?