‘सहानुभूती’, ‘समानुभूती’ की ‘कळवळा’? अनोळखी माणसाला मदत करायला लावणाऱ्या भावनेचे नाव

प्रश्न

मानसशास्त्रावरील एका लेखाचे मराठीकरण मी करत आहे. वाटेत कोसळलेल्या, पूर्णपणे अपरिचित माणसासाठी काही जण थांबतात आणि त्यामागे ‘एम्पथी’ असते, अशा आशयाचे एक वाक्य त्यात आहे. तेथे ‘सहानुभूती’ योजावी की ‘समानुभूती’, आणि मदतीची ओढ या दोहोंपैकी कोणत्या शब्दात येते, याबद्दल जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद

‘सहानुभूती’ या शब्दाची घडण चांगली असली तरी वापराने तो पातळ झाला आहे. आपण सहानुभूती ‘व्यक्त’ करतो, निवडणुकीत सहानुभूतीची ‘लाट’ येते, आणि या दोन्ही प्रयोगांत बोलणारा दुःखाच्या काठावर उभा असतो. ‘समानुभूती’ हा शब्द ही उणीव भरून काढण्यासाठी घडवला गेला आणि शास्त्रीय लेखनात तो मला आवश्यक वाटतो. मात्र त्याच्याकडून मदतीच्या ओढीची अपेक्षा करू नये, कारण ती मूळ संज्ञेतही नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी 1909 साली ‘एम्पथी’ हा इंग्रजी शब्द ज्या जर्मन संज्ञेसाठी योजला, ती सौंदर्यशास्त्रातली होती. चित्र किंवा वास्तू पाहताना पाहणाऱ्याचे मन त्या वस्तूत शिरते, त्या अनुभवाचे ते नाव होते. दुसऱ्याच्या मनात शिरता येणे ही एक क्षमता आहे. तेथे पोहोचल्यावर माणूस काय करील, हे त्या नावावरून कळत नाही.

याबाबत मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग पाहण्यासारखे आहेत. एका अनोळखी तरुणीला विजेचे धक्के बसत आहेत असे सहभागी विद्यार्थिनींना दाखवले गेले (प्रत्यक्षात धक्के दिले जात नव्हते), आणि तिच्याऐवजी उरलेले धक्के आपण सोसाल का, असे विचारण्यात आले. काहींना थोड्याच वेळात निघून जाण्याची मुभा होती, तर काहींना शेवटपर्यंत पाहत राहणे भाग होते. ज्यांना ते दृश्य पाहून मुख्यतः स्वतःलाच अस्वस्थ वाटत होते, त्यांच्यापैकी बहुतेकींनी वाट मोकळी असताना मदत नाकारली. ज्यांचे मन त्या तरुणीकडे लागले होते, त्यांच्यापैकी बहुतेकींनी मात्र निघून जाणे सोपे असूनही तिची जागा घेण्याची तयारी दाखवली.

हा भेद मराठीच्या क्रियापदांत आधीपासून आहे, असे मला वाटते. ‘पोटदुखीने तो कळवळला’ आणि ‘त्याचे हाल पाहून ती कळवळली’ या दोन वाक्यांत क्रियापद एकच आहे. पहिल्यात वेदना स्वतःची, दुसऱ्यात परक्याची, तरी शरीराची प्रतिक्रिया तीच. ‘हळहळणे’ मात्र हळहळणाऱ्यापाशीच थांबते, आणि ‘कीव’ तर उंचावरून येते. ‘तुझ्या बुद्धीची कीव येते’ या वाक्यात दयेचा अंशही उरलेला नाही. म्हणून मदतीला प्रवृत्त करणाऱ्या भावनेसाठी ‘कळवळा’ हा शब्द घ्यावा, असे मी सुचवीन.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटले, तरी एक शंका आहे. ‘आईला लेकराचा कळवळा’ असे आपण सहज म्हणतो. म्हणजे कळवळ्यात आपलेपणा गृहीत धरलेला आहे. ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याच्या बाबतीत तो कोठून यावा? ‘परदुःख शीतल’ ही म्हण नेमक्या याच अनुभवातून आली आहे.

प्रतिसाद

शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर बॅट्सन यांच्याच एका प्रयोगात सापडते. त्या तरुणीची मते व आवडी आपल्यासारख्याच आहेत असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात मदतीची तयारी पुष्कळ वाढलेली दिसली. ओळख तितकीच अपुरी होती, परंतु आपलेपणाला धरायला एक दुवा मिळाला होता. आपलेपणा असा कच्चा, क्षणात जुळणारा असू शकतो, हे मला या विषयातले सर्वांत आशादायक निरीक्षण वाटते. त्याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी, की जो आपल्याहून फार वेगळा दिसतो त्याच्या वाट्याला हा कळवळा उशिरा येतो. तेव्हा अनोळखी माणसासाठी ‘कणव’ अधिक नेमका ठरेल. कणव येण्यासाठी नाते लागत नाही, समोरच्याची असहायता दिसणे पुरते.

तिसरा प्रतिसाद

‘दिसणे’ हा शब्द अधोरेखित करावासा वाटतो. जॉन डार्ली आणि बॅट्सन यांनी 1973 साली धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, वाटेत विव्हळत बसलेल्या माणसाला घाई नसलेल्यांपैकी सुमारे 63 टक्क्यांनी मदत केली. फार घाईत असलेल्यांपैकी अवघ्या 10 टक्क्यांनी. घाईतल्यांना कणव नव्हती असे यावरून म्हणता येणार नाही. तिला दाटून यायला अवधी मिळाला नाही, असे म्हणणे न्याय्य होईल. मराठीत कणव ‘येते’, ‘दाटते’. ती ‘करता’ येत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्षमतेचे वर्णन किंवा मोजमाप जेथे आहे तेथे ‘समानुभूती’ ठेवतो, आणि ते वाक्य असे लिहितो: ‘कोसळलेल्या अपरिचिताकडे पाहून ज्यांच्या मनात कणव दाटून येते, ते थांबतात.’